वेल्समधला तो डोंगर 'वाढला' नाही

वेल्समधला एक डोंगर अचानक उंच होऊन 'टेकडी'चा 'पर्वत' झाला, अशी पोस्ट फिरते आहे. कोणी त्यात गावकऱ्यांनी माथ्यावर माती रचल्याचंही जोडतं. मातीची ती गोष्ट १९९५च्या एका इंग्रजी चित्रपटातली आहे. या डोंगराशी तिचा संबंध नाही.

खरी घटना २००८ची. वेल्सच्या स्नोडोनिया या डोंगराळ भागातल्या मनिद ग्राइग गोख या डोंगराची नकाशावरची उंची होती ६०९ मीटर. 'पर्वत' म्हणायला दोन हजार फूट, म्हणजे ६०९.६ मीटर लागतात, म्हणून तो गिर्यारोहकांच्या पर्वतांच्या यादीबाहेर. तीन हौशी सर्वेक्षकांनी माथ्यावर जीपीएस उपकरण लावून मोजलं, तेव्हा उंची भरली ६०९.७५ मीटर. दोन हजार फुटांपेक्षा जेमतेम सहा इंच जास्त! डोंगर तोच, मोजणी नेमकी झाली. नकाशावरच्या अशा उंच्या बहुतेकदा विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून ठरतात. त्यात मीटर-दोन मीटरचा फरक राहू शकतो, आणि खडकाळ माथ्यावरचा सर्वांत उंच दगड हुकू शकतो. तिथं तासन् तास उपकरण लावून बसणाऱ्यांच्या चिकाटीचं मला फार कौतुक वाटतं. २०१०मध्ये वेल्समधलाच ग्लिडर वाउर हा डोंगरही असाच नेमक्या मोजणीने ९९९ मीटरवरून हजारापलीकडे गेला.

आणखी एक: दोन हजार फुटांची ही रेघ सरकारी कायद्यातली नाही, गिर्यारोहकांच्या याद्यांतली आहे.