ताक फॉर मटण

नॉर्वेजियन ही जगातली सगळ्यात सोपी भाषा आहे, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यातल्या एकालाही ती येत नव्हती. पहिला नंबर आमच्या घरधन्याचा. हा स्टाव्हांगरला तेलाच्या धंद्यात आहे. १९६९ साली उत्तर समुद्रात एकोफिस्कला तेल लागलं आणि तोवर सार्डिनचे डबे भरणारं हे गाव नॉर्वेची तेलराजधानी झालं. तेलामागून जगभरचे इंजिनिअर आले, इंजिनिअरांमागून त्यांच्या बायका आल्या. इंजिनिअरांचं इंग्रजीवर भागतं. बायकांना दुकानात जावं लागतं.

"अगं, इंग्रजीचीच चुलत बहीण आहे ती. आठ दिवसांत येईल," असं नवऱ्यानं मला विमानतळावरच सांगून टाकलं. त्याला स्वतःला इतक्या वर्षांत 'ताक' एवढं एकच येतं, आणि ते म्हणजे 'थँक्यू'. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळाही नॉर्वेजियनला सोप्यातल्या सोप्या गटात बसवते. चोवीस आठवडे पुरतात म्हणे. तिथल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी घरातून मिळालेलं असतं. मला घरातून मिळालं ते कोल्हापुरी.

पण खरं सांगते, सुरुवातीला मलाही ते पटलं. वर्गात क्रियापदं आली आणि मी म्हटलं, जिंकलं! आपल्याकडे एक साधं 'जाणे' घ्या. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात. परक्या माणसानं मराठी शिकायची म्हणजे इथंच अर्धा जीव जायचा. नॉर्वेजियनमध्ये 'गोर'. याय गोर, दू गोर, हान गोर, हुन गोर, वी गोर, दी गोर. मी असो, तू असो, बाई असो, बुवा असो, सगळे गोर. राजा गेला तरी गोर आणि राजाचा घोडा गेला तरी गोर.

यात माझा एक जुना हिशेबही चुकता झाला. कोल्हापुरात बाईमाणूससुद्धा 'मी जातो', 'मी आलो' असंच म्हणतं. पुण्यात कॉलेजला असताना मी हॉस्टेलवर येऊन "जेवून आलो गं" म्हटलं की खोलीतल्या पोरी "कोण आला?" म्हणून दाराकडे बघायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच एका भाषेचं व्याकरण माझ्या बाजूनं उभं होतं.

मूळ क्रियापदाच्या आधी इथे 'ओ' लावतात. ओ गो म्हणजे जाणे, ओ स्पीसे म्हणजे खाणे, ओ स्नाके म्हणजे बोलणे. कंडक्टरला हाक मारावी तशा सुरात मी पाठांतर करायची. हा 'ओ' लिहायला एकच अक्षर, ए वर एक टिकली. लोफोतेन बेटांवर तर एवढ्याच नावाचं एक अख्खं गाव आहे, आणि त्याची पाटी पर्यटक चोरून नेतात. एका अक्षराची पाटी, बॅगेत मावत असणार.

मग भूतकाळ आला आणि गोरचं सोंग उतरलं. गोर, यिक, हार गोत. ग चा य का झाला हे विचारायचं नाही. पिणे घ्या: द्रिक्कर, द्राक, हार द्रुक्केत. आणि 'फोर' नावाचं एक क्रियापद आहे, ते म्हणजे मिळणे, परवानगी असणे, मूल होणे, जे म्हणाल ते. शिवाय फोर म्हणजे मेंढी. बाईंनी फळ्यावर लिहिलं: "फोर फोर फोर?" म्हणजे, मेंढीला मेंढी होते का? उत्तर: "नाय, फोर फोर लाम." नाही, मेंढीला कोकरू होतं. या वाक्यातलं 'नाय' तेवढं मला पहिल्या फटक्यात समजलं. ते शिकावं लागलंच नाही, घरून घेऊन आले होते.

वाक्यरचनेचं दुखणं वेगळंच. आपण मराठी माणसं क्रियापद शेवटी ठेवतो. समोरच्यानं श्वास रोखून थांबायचं, मग कळणार गेला की आला की मेला. इथे क्रियापद दुसऱ्या जागी, आणि ती जागा म्हणजे पंगतीतला जावईबापूंचा पाट. पहिल्या पाटावर कोणीही बसो, आज बसो, उद्या बसो, दुकान बसो, दुसरा पाट क्रियापदाचा. "आज जाते मी दुकानात." "दुकानात जाते मी आज." कर्ता बिचारा पाट शोधत हिंडतो. हे मला इतकं अंगवळणी पडलं की मी नवऱ्याशी मराठीतही तसंच बोलायला लागले. "संध्याकाळी आणशील तू दूध?" तो म्हणाला, "नाटकात आहेस का?"

पाठांतर मी सकाळी स्वयंपाकघरात, मोठ्यानं करायची. आता यात अडचण अशी की 'चांगलं' या अर्थाच्या शब्दातला शेवटचा ड हे लोक गिळतात आणि ओ चा ऊ करतात. त्यामुळे सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या, रात्रीच्या नमस्काराची सुरुवात एकाच शब्दानं होते. गू मॉर्न. गू दाग. गू क्वेल. गू नात. आईचा फोन स्पीकरवर होता हे मी विसरले. पलीकडून आवाज आला, "अगं, सकाळी सकाळी काय बोलालीस ते! घरात लेकरू हाय!" मी म्हटलं, आई, नमस्कार घालतोय. ती म्हणाली, "असला नमस्कार नको आमाला." नाताळात सगळा गाव एकमेकांना 'गू यूल' म्हणत फिरतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

जेवणाचं तेवढं बरं आहे. जेवून उठताना जेवण करणाऱ्याचे आभार मानायचे: "ताक फॉर मात्न." कोल्हापूरच्या कानाला ते 'ताक फॉर मटण' असंच ऐकू येतं. पहिल्यांदा शेजाऱ्यांकडे जेवायला गेलो तेव्हा पावाच्या कापावर तपकिरी चीजची पातळ चकती होती. ती खाऊन सगळे उठले आणि एकसुरात मटणाचे आभार मानले. मी तांबडा-पांढरा आठवून गहिवरले. आभारांच्या बाबतीत मात्र या लोकांचा हात कोणी धरणार नाही. "ताक फॉर सिस्त" म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार. ती भेट गेल्या दिवाळीत का झालेली असेना. "ताक फॉर माय", जिना उतरताना एक जण म्हणाली ते, म्हणजे मी इथे होते त्याबद्दल आभार. आणि एवढं सगळं आभारप्रदर्शन करणाऱ्या भाषेत, दुकानात पाव मागताना लावायला 'प्लीज' असा सुटसुटीत शब्द नाही.

'तुम्ही'ही नाही. म्हणजे पुस्तकात आहे, वापरात नाही. डॉक्टर 'दू', बालवाडीच्या मुख्याध्यापक 'दू', शेजारचे चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा 'दू', तेही नुसत्या नावानं. माझ्या तोंडून त्यांचं नाव निघेना. मी त्यांना हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही. दारात दिसले की आधी खोकायची. ते बिचारे मला थंडी बाधली म्हणून लोकरीचे मोजे देऊन गेले.

पण खरी गंमत घराबाहेर. पहिला अडथळा इंग्रजीचा. मी "याय" एवढं म्हटलं की समोरचा लख्ख इंग्रजीत सुरू होतो. मनात घोळवून आणलेलं "मला एक पिशवी हवी होती" हे अख्खं वाक्य तोंडातच राहतं, कारण काउंटरवरचा पोरगा नुसतं "पूसे?" म्हणतो, म्हणजे पिशवी?, आणि उत्तराला लागणारा वेळ बघून तो इंग्रजीवर येतो. यावर वर्गातल्या एका पोलिश बाईनं युक्ती सांगितली: आपल्याला इंग्रजी येत नाही असं ठणकावून सांगायचं. मी सांगितलं. "याय स्नाकर इक्के एंगेल्स्क." त्या पोराचा चेहरा उजळला आणि तो जे सुटला, त्यातला एक शब्द मला कळेल तर शपथ.

कारण पुस्तकात जे लिहिलंय ते स्टाव्हांगरमध्ये कोणी बोलतच नाही. आमच्या पुस्तकातला मी 'याय'. इथला मी 'एग'. पुस्तकातलं नाही म्हणजे 'इक्के', इथलं 'इख्ये'. पुस्तकात "तुझं नाव काय?" हे "वा हेतर दू?"; इथे "का हेत्ते दू?" त्यात यांचा र घशाच्या तळातून येतो. आणि 'काय'ला हे 'का' म्हणतात. मासळीवाला मला "का?" म्हणाला. म्हणजे त्याला ऐकू आलं नव्हतं. मी त्याला, आज पाहुणे आहेत, घरी मासे खाणारे तिघं आहेत, असं सविस्तर कारण दिलं.

मी वैतागून बाईंना विचारलं, मग शुद्ध नॉर्वेजियन बोलतं तरी कोण? बाई म्हणाल्या, कोणीच नाही. बोलण्याची अशी सरकारी प्रमाण भाषा इथे नाहीच. जवळपास चारशे वर्षं देश डेन्मार्कबरोबर होता, लिहिणंवाचणं सगळं डॅनिशमध्ये. १८१४ साली ते नातं सुटलं, तेव्हा आपलं म्हणावं असं लिहायला काही नव्हतं. मग ईवार ओसेन नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८४०च्या दशकात खेडोपाडी हिंडला, लोक कसे बोलतात ते टिपत गेला आणि त्यातून त्यानं एक लेखी भाषा उभी केली. दुसरीकडे शहरवाल्यांनी डॅनिशलाच नॉर्वेचं पाणी पाजलं. १८८५ साली संसदेनं दोन्हींना सारखाच मान दिला. त्यामुळे आज बूकमोल आणि नीनॉर्स्क अशा दोन लेखी भाषा, आणि बोलायला ज्याची त्याची. १८७८ सालीच ठरलं होतं की शाळेत शक्य तोवर पोरांच्या घरच्या बोलीत शिकवायचं. मंत्री संसदेत आपल्या गावचं बोलतो आणि कोणी हसत नाही.

हे ऐकून मला हॉस्टेलवरच्या त्या पोरी आठवल्या. त्यांना इथे आणून एक वर्ष ठेवायला पाहिजे.

बाई स्वतः त्रोंधाइमकडच्या. त्यांनी त्यांच्याकडचं एक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं: "ॲ ए ई आ, ॲ ओ." मला वाटलं बाईंना कळ आली. त्याचा अर्थ, 'मीसुद्धा अ तुकडीत आहे'. सहा स्वरांत अख्खं वाक्य, व्यंजनाचा खर्च शून्य. आमच्या वर्गातला सीरियन दंतवैद्य, जो रोज लोकांना "आ करा" सांगून पोट भरायचा, तो उठून पाणी प्यायला गेला. माझी लेक बालवाडीत केव्हाच 'एग' आणि 'का' करायला लागली होती. मी घरात "याय" म्हटलं की ती म्हणायची, "आई, पुस्तकातलं नको ना बोलू."

राहता राहिले आकडे. सात म्हणजे 'शू'. यावर मी काही बोलत नाही. वीस म्हणजे 'ख्यूए', पण ख नाही, ह नाही, श तर नाहीच. जिभेच्या मधोमधून वारा सोडायचा. मग सत्तावीस होतात 'ख्यूएशू'. मला वाटलं, हे मला या जन्मी जमत नाही. मग शेजारच्या आजोबांनी एकदा त्यांचा फोन नंबर सांगितला. इथे आठ आकडे जोडीजोडीनं सांगतात. आजोबा म्हणाले, "तू ओ फेम्ती, फीरे ओ ओत्ती..." दोन आणि पन्नास, चार आणि ऐंशी. म्हणजे बावन्न, चौऱ्याऐंशी! मी थांबतच नाही, त्यांच्या बरोबरीनं भराभर लिहिलं. पोलिश बाई शेजारी उभी होती, ती अजून पहिल्या जोडीवरच.

पूर्वी नॉर्वेत आपल्यासारखंच, आधी एकं मग दहं, असं म्हणायचे. पण टेलिफोन केंद्रात नंबर ऐकताना आकडे उलटेपालटे व्हायला लागले. मग संसदेत ठराव झाला आणि १ जुलै १९५१ पासून देशानं 'पन्नास-दोन' म्हणायला सुरुवात केली. नव्या पोरांनी ऐकलं. आजोबांच्या पिढीतल्या कितीकांनी नाही ऐकलं, ते अजून बावन्नवरच आहेत. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं, तेव्हा किती गदारोळ झाला आठवतो ना? फॅमिली ग्रुपवर आमच्या मामांनी तर 'हे चालू देणार नाही' असं लिहून अंगठा टाकला होता. मामा नॉर्वेत चालले असते.

आजोबांनी माझी ही कला सगळ्या गल्लीत सांगितली. सांगताना ते मधूनमधून 'या' असं श्वास आत ओढत म्हणायचे. इथे हो म्हणायची ती एक पद्धत आहे, पहिल्यांदा ऐकून मी त्यांच्यासाठी पाणी आणायला धावले होते. आजोबांच्या या जाहिरातीचा परिणाम असा की ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात दर गुरुवारी बिंगो असतो, तिथे आकडे पुकारायचं काम आता माझ्याकडे आलंय. आवाजाचा प्रश्न कोल्हापूरकराला कधीच नसतो. माइक आहे, मी लावत नाही. मोबदला म्हणून कॉफी आणि जॅम लावलेला वाफेल मिळतो, आणि शेवटी सगळे मिळून मटणाचे आभार मानतात.

परवा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, तुझं बोलणं ऐकून मला वाटलं तू बर्गनची आहेस. बर्गन म्हणजे किनाऱ्यानं वर गेलं की लागणारं दुसरं मोठं शहर. मी फुलून गेले. मग बघितलं तर बाकीचे सगळे स्टाव्हांगरकर गप्प, आणि दोघं-तिघं माझ्याकडे सहानुभूतीनं बघताहेत. शेजारच्या आजोबांनी माझ्या बशीत न बोलता आणखी एक वाफेल ठेवला.