२६ अक्षरांत साइन लँग्वेज येत नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजी अक्षरांच्या हातखुणांचा एक तक्ता दर महिना-दोन महिन्यांनी फिरून येतो. खाली मजकूर: ‘सांकेतिक भाषा जगभर एकच आहे. ही २६ अक्षरं पाठ करा, आठ दिवसांत कर्णबधिरांशी बोलू लागाल.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. चार महिन्यांपूर्वी मी अगदी शून्यापासून शिकायला लागले, म्हणून लिहिते.

‘जगभर एकच.’ नाही. अमेरिका आणि ब्रिटन, दोन्हीकडे बोलतात इंग्रजीच. पण तिथल्या कर्णबधिरांच्या भाषा पार वेगळ्या. आपली भारतीय सांकेतिक भाषा आणखी निराळी. तो तक्ताच नीट बघा. सगळी अक्षरं एका हाताची, म्हणजे अमेरिकेतली. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं सहसा दोन हातांनी करतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर तर पाच बोटांच्या टोकांवर बसवलेत: अंगठ्याला दुसऱ्या हाताचं बोट टेकवलं की ए, करंगळीला टेकवलं की यू.

‘अक्षरं पाठ करा.’ अक्षरं लागतात ती मुख्यतः नावं सांगायला. पाणी, आई, पाऊस यांना आपापल्या खुणा आहेत. दिल्लीच्या सरकारी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये या खुणांच्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती काढली, तिच्यात १०,००० शब्द आहेत.

आणि ‘आठ दिवसांत’. दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. आमच्या मॅडम स्वतः कर्णबधिर आहेत. मी त्यांना ‘चहा झाला?’ असं विचारलं. चहाची खूण बरोबर, झाल्याची बरोबर. त्यांनी नुसती मान डोलावली आणि पुढे शिकवायला लागल्या. त्यांना वाटलं, माझा चहा झालाय हे मी सांगतेय! हो-नाहीच्या प्रश्नात भुवया वर जातात, मान जराशी पुढे येते. माझा चेहरा कोरा होता. तोवर मी त्यांचे फक्त हात बघत होते. त्यांनी माझ्या हनुवटीखाली बोट धरून नजर वर केली, स्वतःच्या चेहऱ्याकडे.

वाक्यरचनेत मात्र मराठी माणसाला थोडा आधार मिळतो. ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात, नकारही शेवटी. ‘तुझं नाव काय’ हा क्रम आपल्या सवयीचाच.

आठ दिवसांत काय जमतं म्हणाल, तर स्वतःचं नाव, नमस्कार, आणि ‘परत एकदा, सावकाश सांगा’. हे शेवटचं मी अजूनही रोज वापरते.