काका, मशीनला हात लावू नका

परवा रविवारी एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीनं मला लेथ मशीनला हात लावू दिला नाही. एवढंच झालंय. पण चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतोय.

मी टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड फिरवत कातून घडवणारा. नाशिकच्या सातपूरला एका कंपनीत चोवीस वर्षं लेथपुढं उभा होतो, खरोखरच उभा, गुडघ्यांना विचारा. कंपनी बंद पडली, हिशेब अजून पूर्ण मिळालेला नाही, तो विषय वेगळा. तर भाचा पुण्याहून इकडं राहायला आला, घरूनच काम करतो, म्हणाला मामा, फ्लॅट नको, लॉफ्ट बघायचाय. मला वाटलं माळा. आमच्या भद्रकालीतल्या वाड्यात होता माळा, त्यावर घंगाळं, गोवऱ्या आणि घरात कुणाशी भांडण झालं की आजोबा असायचे. म्हटलं, अरे माळ्यावर राहणार का तू? तर त्यानं हसत मोबाईल पुढं केला. न्यूयॉर्कचे फोटो.

तिकडं सोहो म्हणून भाग आहे. कारखाने निघून गेले, जुन्या इमारती ओस पडल्या, मग चित्रकार लोक घुसले, कारण भाडं कमी, खिडक्या मोठ्या, आणि कॅनव्हास केवढाही असला तरी मावतो. राहणं बेकायदाच होतं, १९७१ मध्ये कलाकारांपुरतं कायदेशीर केलं. दारावर पाटी लावायचे, ए.आय.आर., म्हणजे आत कलाकार राहतो, आग लागली तर बंबवाल्यांना कळावं की वर माणूस आहे. हे मला फार आवडलं. आमच्याकडं रात्रपाळीला शटर ओढून घेताना आत माणसं आहेत हे वॉचमनच्याही लक्षात राहायचं नाही. आता म्हणे तिथं शेठ लोक राहतात आणि चित्रकारांना जिना चढायचंही भाडं परवडत नाही. भाच्यानं मग व्हिएन्नाच्या गॅसच्या टाक्या पण दाखवल्या, १८९६ ते १८९९ मध्ये बांधलेल्या चार अवाढव्य टाक्या, आत आता लोकांचे संसार आहेत. गॅसच्या टाकीत राहायचं! आमची ही सिलेंडर बदलताना खिडक्या उघडते.

तर गेलो बघायला. त्र्यंबक रोडपासून आत, जुनं खाजगी वर्कशॉप. एमआयडीसीतलं नाही, तिथला प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर मिळतो तो कारखान्यासाठी, संसार मांडायला नाही.

दारातच ती मुलगी. कार्डवर ‘स्पेस क्युरेटर’. मराठीच, कॉलेज रोडची, पण बोलताना प्रत्येक वाक्य थोडं इकडं थोडं तिकडं टाकून. आधी भिंतीवर टकटक केली. म्हणाली, ‘काका, हे एक्स्पोज्ड ब्रिक. प्लास्टर काढायला आम्हाला तीन महिने लागले.’ मी म्हटलं, आमच्याकडं ते दर पावसाळ्यात आपोआप निघायचं. तिला वाटलं मी कौतुक केलं, थँक यू म्हणाली. मग एका खांबाशी नेलं. ‘हा रस्ट ओरिजिनल आहे. वरून क्लिअर कोट मारलाय, म्हणजे वाढणार नाही आणि जाणारही नाही.’ मी आयुष्यभर पॉलिश पेपर घेऊन गंज घासला. गंजलेला शाफ्ट क्वालिटीवाल्यांकडं गेला असता तर रिजेक्शनचा लाल रंग आधी जॉबला, म्हणजे त्या घडवलेल्या तुकड्याला, लागला असता आणि मग मला. इथं गंजाला कोट मारून त्याचं भाडं घेतात, महिना अडतीस हजार.

‘उन्हाळ्यात?’ मी विचारलं. कारण वर पत्राच, आतून काळा मारला म्हणून काय झालं. मे महिन्यात सातपूरच्या शेडमध्ये दुपारी आम्ही बनियन पिळून पुन्हा घालायचो.

‘हाईट आहे ना काका, हॉट एअर वर जाते.’

‘आणि पंखा?’

‘तोही वरच आहे.’

बरं, पावसाळा? पत्र्यावर पाऊस सुरू झाला की फोरमनच्या शिव्यासुद्धा ऐकू यायच्या नाहीत, चार महिने तेवढाच काय तो आराम. भाचा दिवसभर कानाला हेडफोन लावून अमेरिकेशी बोलतो, त्याला काय ऐकू येणार? तर ती म्हणते, ‘रेन साउंड्स तर लोक ॲपवर लावतात, काका.’ यावर काय बोलणार सांगा. भाचा तर मान डोलवत होता.

आता खोटं कशाला बोलू, एका गोष्टीला मीही थांबलो. वर करवतीच्या दातांसारखं छप्पर होतं, उत्तरेला काचा. तिला वाटत होतं ते ‘मूड’साठी आहे. मी सांगितलं, बाई, याला नॉर्थ लाईट म्हणतात, ऊन थेट आत येत नाही, उजेड सगळीकडं सारखा पडतो, जॉबवर तिरीप येत नाही आणि मायक्रोमीटरवरची रेघ नीट दिसते. तिनं लगेच मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं. पुढच्या गिऱ्हाईकाला सांगायला असणार. तो उजेड मात्र तसाच होता, दूध सांडल्यासारखा. मला उगाच जेवणाच्या सुट्टीचा डबा आठवला, मेथीचा वास आणि कूलंटचा वास एकत्र.

आणि तिथंच मधोमध लेथ. म्हणजे किचनचा ओटा आणि सोफा यांच्यामध्ये, छिलका पडायच्या ट्रेमध्ये मनी प्लांट. ‘ही ब्रिटिश मशीन आहे, वर्ल्ड वॉरच्या वेळची.’ मी हेडस्टॉक बघितला, तो आपला बटाल्याचा माल होता, पंजाबातला, अशा कितीतरी लेथ नाशकात आल्या. बोललो नाही. पण चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, चावी तशीच लावून ठेवलेली! ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, लेथ शिकताना पहिला धडा हाच, चकची चावी हातातून सुटता कामा नये, घट्ट करून झालं की काढायची. कुणी चुकून मशीन चालू केलं तर ती गोळीसारखी सुटते. आमच्या मिस्त्रींनी या एका चुकीसाठी मला पहिल्याच आठवड्यात असा रट्टा घातला होता की कान अजून पावसाळ्यात दुखतो. हात आपोआप गेला. काढली.

‘काका, प्लीज! मशीनला हात लावू नका. ते तसंच स्टाईल केलंय.’

मी म्हटलं, अगं बाई, चावी चकमध्ये ठेवत नसतात.

‘पण काका, त्याला मोटरच नाहीये.’

भाचा म्हणाला, ‘मामा, सोडा ना.’ त्यानं तिची माफी पण मागितली. माझ्या वतीनं! चोवीस वर्षं ज्या मशीननं घर चालवलं तिच्यापाशी मला लहान मुलासारखं मागं उभं केलं.

मुंबईला १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले. आज एका गिरणीचा मॉल झालाय, चिमणी तेवढी ठेवलीय, लोक तिच्याखाली कॉफी पितात, आणि कामगारांची पोरं म्हाडाच्या घरांसाठी अजून चकरा मारतात. चिमणीची काळजी घेतात हो, माणसाचं काय ते लॉटरीत बघू. आमच्याकडं तर चिमणीसुद्धा नव्हती. सगळी मशीनं भंगारात किलोवर गेली. त्यातलंच एखादं कुणाच्या तरी सोफ्यापाशी उभं असेल, डोक्यावर कुंडी घेऊन.

घरी आल्यावर पँट धुवायला टाकताना हिला खिशात चावी सापडली. गडबडीत माझ्याकडंच राहिली होती, देवाशपथ. भाच्यानं तोवर टोकन दिलेलं. काल त्याचा फोन, ‘मामा, मॅडमचा मेसेज आलाय, प्रॉप मिसिंग आहे, डिपॉझिटमधून कापणार म्हणतायत.’

मी म्हटलं, देतो की, मला काय तिचं लोणचं घालायचंय? फक्त विचार, शेल्फवर ठेवणार का चकमध्ये लावणार?

तासाभरानं उत्तर आलं. चकमध्ये.

चावी फ्रिजवर आहे. हिनं आज तिनं आलं ठेचलं.