साखर, पाटी आणि कधीच तिकडे न गेलेला मालक

पाटी म्हटलं की लाकडी चौकटीतली, एक कोपरा फुटलेली, ओल्या फडक्यानं पुसली की क्षणभर काळीभोर दिसणारी पाटी डोळ्यांपुढे येते. आमच्या पिढीनं तिच्यावरच श्री गिरवला. हाच दगड पातळ चिरून घरांवर कौलांसारखा घालतात आणि त्याच्या जोरावर एखादं घराणं पिढ्यान् पिढ्या अख्ख्या मुलखाचं मालक होतं, हे मला गेल्या उन्हाळ्यात वेल्सला गेल्यावर उमगलं.

बहीण लिव्हरपूलजवळ राहते. एका शनिवारी म्हणाली, "दादा, चल, तुला किल्ला दाखवते." उत्तर वेल्समधल्या बँगोरजवळचा पेन्रिन कॅसल. किल्ला कसला, एकोणिसाव्या शतकात हौसेनं बांधलेला वाडा तो. राजगडाची बालेकिल्ल्याची वाट चढलेल्या माणसाला ते बुरूज नाटकाच्या नेपथ्यासारखे वाटतात. आत पाटीच्या दगडाचा एक पलंग आहे, वजन टनभर. राणी व्हिक्टोरियासाठी करवून घेतला होता, पण थडग्यासारखा दिसतो म्हणून ती त्यावर झोपलीच नाही म्हणे. बाईचं काही चुकलं नाही.

पण मला बोलायचंय ते वाडा बांधणाऱ्याबद्दल नाही. त्याच्या आधीच्या मालकाबद्दल, रिचर्ड पेनंटबद्दल.

हा गृहस्थ श्रीमंतीतच जन्मला. पेनंट घराणं सतराव्या शतकापासून जमैकात उसाचे मळे बाळगून होतं, आणि बाप लिव्हरपूलचा व्यापारी. रिचर्डनं १७६५ मध्ये ॲना सुझाना वॉरबर्टनशी लग्न केलं. तिच्याबरोबर पेन्रिन इस्टेटीचा निम्मा हिस्सा आला. उरलेला निम्मा पेनंटांनी विकत घेतला. राजकारणही चालूच होतं. १७६१ पासून तो खासदार, आधी पीटर्सफील्डचा, मग बरीच वर्षं लिव्हरपूलचा. १७८३ मध्ये लॉर्ड पेन्रिन झाला. आता लॉर्ड झाल्यावर खालच्या सभागृहात कसा काय बसला? तर ही सरदारकी आयर्लंडची. आयरिश लॉर्डला ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून येता येत असे. म्हणजे नावापुढे लॉर्ड लागतो आणि मताचा हक्कही हातचा जात नाही. कागदोपत्री त्याचं 'पेन्रिन' आयर्लंडच्या लाउथ परगण्यात आहे! गाव वेल्समध्ये, किताब आयर्लंडचा, पैसा जमैकाचा, मतदारसंघ लिव्हरपूल. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी यातून काही शिकू नये एवढीच प्रार्थना.

वाड्यापासून जवळच्या बेथेस्डा गावाच्या वरच्या डोंगरात लोक आधीपासून थोडं वार्षिक भाडं भरून आपापल्या तुकड्यात पाटीचा दगड काढत होते. १७८२ मध्ये पेनंटनं त्यांचे पट्टे विकत घेऊन सगळी खाण आपल्या ताब्यात घेतली. कालपर्यंत स्वतःचा तुकडा खणणारा माणूस आता मजुरीवर आला. मग बंदर बांधलं, पोर्ट पेन्रिन. रस्ते केले. १८०१ मध्ये खाणीपासून बंदरापर्यंत सुमारे सहा मैलांचे रूळ टाकले, त्यावरून घोडे डबे ओढायचे. दगडाच्या मापांची नावंही ऐकण्यासारखी आहेत: मोठी पाटी ती 'डचेस', त्याखाली 'काउंटेस', त्याखाली 'लेडी'. उभा जन्म धुळीत काढणारा खाणमजूर दिवसभर सरदारणी चिरत बसायचा.

या सगळ्यामुळे इंग्रजी पुस्तकांत पेनंटला 'इम्प्रूव्हर' म्हणतात. मराठीत काय म्हणणार, सुधारक? आपल्याकडे सुधारक म्हटलं की आगरकर आठवतात, घरावर आलेला बहिष्कार आठवतो. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत मात्र जमिनीचं उत्पन्न वाढवतो तो सुधारक. त्यात माणसांची सुधारणा कुठे येतच नाही. एकच शब्द, पण दोन्हीकडे तो वेगवेगळ्या माणसांना चिकटलाय, आणि या माणसाला तो मराठीत द्यायला माझी जीभ रेटत नाही.

कारण रस्त्यांना, रुळांना लागणारा पैसा येत होता जमैकातल्या क्लॅरंडन परगण्यातल्या मळ्यांतून. तिथल्या एका मळ्याचं नाव डेन्बी, वेल्समधल्याच गावाचं. ते नाव अजून तिथे आहे; मे पेन शहरात दरवर्षी डेन्बीचं कृषी प्रदर्शन भरतं. गुलामांच्या जिवावर चालणाऱ्या या मळ्यांवर पेनंट एकदाही गेला नाही. सगळा कारभार पत्रांवर. कारभाऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तो बजावतो की गुरांना आणि निग्रोंना फार राबवू नका. वाचून पहिल्यांदा वाटतं, चला, दयाळू होता. मग वाक्यातला क्रम लक्षात येतो. गुरं आधी.

"त्या काळी सगळेच तसे होते हो," हे वाक्य मला कुणी ऐकवू नये म्हणून आधीच सांगतो. त्याच काळात, लिव्हरपूलपासून तीस-पस्तीस मैलांवरच्या मँचेस्टरमध्ये १७८८ च्या सुमारास गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या अर्जावर दहा हजारांवर सह्या झाल्या होत्या. १७९१ नंतर ब्रिटनमध्ये घराघरांतून लोकांनी चहात वेस्ट इंडीजची साखर घालणं बंद केलं. या व्यापाराविरुद्ध लढणारा खासदार विल्बरफोर्स त्याच सभागृहात समोर उभा राहून बोलत होता. काळानं दोन्ही बाजू पेनंटच्या पुढ्यात ठेवल्या होत्या. त्यानं एक निवडली, आणि नुसती निवडली नाही, तिचं पुढारपण केलं. वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या कमिटीचा तो अध्यक्ष होता. १७८९ च्या चर्चेत त्यानं सांगितलं की हा व्यापार बंद केलात तर सात कोटी पौंडांच्या मालमत्तेवर घाव पडेल, वसाहती बुडतील आणि समुद्रावरची सत्ताही जाईल. आकडे असे तोंडपाठ असलेल्या माणसाला तिकडे काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, हे मला पटत नाही. तिकडे न जाणं ही त्याची सोय होती.

व्यापारबंदीचा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. पेनंट जानेवारी १८०८ मध्ये गेला. मूलबाळ नव्हतं. इस्टेट नात्यातल्या जॉर्ज हे डॉकिन्सकडे गेली, त्यानं पेनंट आडनाव जोडून घेतलं आणि तो मघाचा वाडा बांधला. पुढे गुलामगिरीच बंद झाली तेव्हा सरकारनं भरपाई दिली, मालकांना. या मालकाच्या वाट्याला ७६४ माणसांचे १४,६८३ पौंड, १७ शिलिंग, २ पेन्स आले. त्या दोन पेन्सांपाशी मी अडकलोय. कुणीतरी कारकुनानं शाईत बोरू बुडवून ते नीट मांडले असतील, बेरीज तपासली असेल. त्या ७६४ जणांना छदामही मिळाला नाही.

वाड्यातून निघून बेथेस्डात गेलो. इथे १९०० ते १९०३ असा तीन वर्षं खाणमजुरांचा संप चालला. मालक नंतरच्या पिढीतला लॉर्ड पेन्रिन, तोही खासदारकी भोगलेला. घराघरांच्या खिडक्यांत फलक लागले होते, "या घरात कुणी गद्दार नाही." मधेच कामावर परतलेल्यांना मालकानं एकेक पौंडाचं सोन्याचं नाणं दिलं. वेल्श लोक त्याला म्हणतात 'पुन्त अ गनफॉन', शेपटीचा पौंड. शेपूट म्हणजे मालकापुढे हलवायची ती. भाषांतर करावं लागलं नाही इतकं मराठीत फिट्ट बसतं.

खाण अजून चालू आहे. तिच्यावरून आता झिप लाईन जाते. भाच्याला ती करायचीच होती. तो पोटावर आडवा होऊन वरून किंचाळत गेला आणि आम्ही खाली छत्री धरून उभे. बहीण फोटो काढत होती, मी शेजारचं कुंपण बघत होतो. तिकडे कुंपणंही पाटीच्या दगडाची, कमरेएवढ्या उभ्या फळ्या, ओबडधोबड, वरून तारेनं एकमेकींना बांधलेल्या. पावसात भिजून जांभळ्या झाल्या होत्या. बोट फिरवून पाहिलं, पाटीसारखंच लागलं.

फोटो टाकतोय. चौथा कुंपणाचा आहे, पाचव्यातला आकाशातला ठिपका म्हणजे भाचा.