पाकी-आनो

बायकोची बदली मनिलाला झाली तेव्हा सगळ्यांनी मला एकच धीर दिला, की तिथे इंग्रजी चालतं. चालतं ना. बँकेत चालतं, मॉलमध्ये तर पळतं. आमच्या स्वयंपाकघरात मात्र ते चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभं राहतं, कारण आत राज्य आतेचं. आते म्हणजे इथल्या तगालोग भाषेत ताई. कामाला येणाऱ्या बाईंना इथे असंच म्हणतात. पण मी ‘आते’ अशी हाक मारली की मला आमची गुहागरची आत्या आठवते आणि आवाज आपोआप खाली येतो.

तर या आतेशी बोलता यावं म्हणून मी घरातल्या वस्तूंची नावं पाठ करायला घेतली. दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी डकवली. बायको म्हणाली, घर आहे की लिलाव?

सुरुवात झकास झाली. स्पॅनिश मंडळी 1565 ते 1898 इथे ठाण मांडून होती आणि जाताना बरेचसे शब्द विसरून गेली. टेबल मेसा, खिडकी बिंताना, चमचा कुत्सारा. आपल्याकडे वसई-गोव्यात पोर्तुगीजांनी हाच उद्योग केलेला. त्यामुळे साबणाला साबोन, बादलीला बाल्दे आणि बिजागरीला बिसाग्रा म्हणतात हे कळल्यावर मला वाटलं, ही भाषा आपल्याला येतेच आहे, नुसते उच्चार तेवढे घासूनपुसून घ्यायचे. बाथरूममध्ये तर ताबो भेटला. प्लास्टिकचा, दांडीवाला, बादलीत तरंगणारा. नुसत्या कागदाच्या गुंडाळीवर भरवसा न ठेवणारा देश पाहून ऊर भरून आला.

मग अस्सल देशी शब्द सुरू झाले. मऊ गवताची केरसुणी ती वालिस ताम्बो, नारळाच्या हिरांचा खराटा तो वालिस तिंगतिंग. इथवर ठीक. पण नुसतं ‘वालिस’ पाठ करून भागत नाही. आते झाडत असेल तर ‘नागवावालिस’, झाडून झालं असेल तर ‘विनालिस’. म्हणजे शब्दाच्या पोटात ‘इन’ शिरतो. मी चिठ्ठीवर लिहिलेला सरळमार्गी शब्द आतेच्या तोंडून येईपर्यंत त्याला शिंगं तरी फुटलेली असत किंवा तो गरोदर तरी असे.

वर आघातांची भानगड. ‘तुबो’ हा शब्द घ्या. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर पाइप. दुसऱ्यावर दिला तर ऊस. आणि शेवट घशातच तोडला तर नफा, व्याज. आता इथल्या भारतीयांना सरसकट ‘बुंबाय’ म्हणतात, आणि बुंबाय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोटारसायकलवरून फिरणारा सावकार येतो. हा धंदा मुख्यतः पंजाबी मंडळींचा. त्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’, पाच घ्या नि सहा फेडा. शिवाय छत्र्या, मच्छरदाण्या, पंखे हप्त्यावर. आमच्या सिंकखालचा पाइप गळायला लागला तेव्हा मी गल्लीतल्या प्लंबरच्या दारात जाऊन घाईघाईने म्हटलं, “कुया, युंग तुबो!” कुया म्हणजे दादा. दादाने माझा चेहरा पाहिला, रंग पाहिला, मान खाली घातली आणि म्हणाला, “बूकास ना लांग, बॉस.” उद्या बघू. मी खूश होऊन घरी आलो. तो उद्याही आला नाही, परवाही नाही. पुढे कितीतरी दिवस मी दिसलो की तो गल्ली बदलायचा. सिंकखाली आम्ही बाल्दे ठेवली.

हे सगळं सोसून शब्द पाठ झाले आणि मग लक्षात आलं, की आते ते वापरतच नाही. ती म्हणते, “पाकी-आनो मो ङा युंग आनो.” आनो म्हणजे खरं तर ‘काय’, पण इथे सगळ्या वाक्याचा अर्थ ‘जरा ते हे, हे करा ना’ एवढाच. कढई आनो, झारा आनो, उशीचा अभ्रा आनो. आनो आहे कुठे, असं विचारावं तर ती ओठांचा चंबू करून दिशा दाखवते. ही इथली सार्वत्रिक पद्धत. वस्तू जितकी लांब तितका चंबू लांब. पहिल्यांदा तिने बाल्कनीतली बादली मला अशी दाखवली तेव्हा बायको नेमकी समोर होती.

पावसाळ्यात आई आली. तिला तगालोगचा गंध नाही, इंग्रजीशी जुनं वैर. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, “अगं, ती ही दे ना, त्या हेच्या मागे असेल बघ.” “आनो?” आते म्हणाली. “हां, तीच.” आतेने बसायची कुदकुरान, म्हणजे थेट आपली खवणी, आणून ठेवली. आई वर बसून नारळ खवायलाही लागली. मी धावत जाऊन सांगितलं, “आई, याला कुदकुरान म्हणतात.”

“बरं,” आई म्हणाली, “तू जरा बाहेर बस बघू.” आतेने ओठांचा मध्यम लांबीचा चंबू करून मला दार दाखवलं. दाराला पिंतो म्हणतात, तेही मला पाठ होतं.