‘देवघेवीची वही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

शैक्षणिक ग्रंथालयांतल्या व्यवस्थापन प्रणालींची भूमिका कशी बदलली, यावरच्या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. ती जशीच्या तशी देतो, म्हणजे मी मोडतोड केली असं कुणी म्हणायला नको (‘ओपॅक’ म्हणजे ग्रंथालयाची वाचकांसाठीची संगणकीय सूची, ‘कोहा’ म्हणजे ग्रंथालय चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर):

‘लेख उगाच लांबवलाय. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी संगणकावरची देवघेवीची वही, तिची भूमिका बदलली म्हणजे असं काय झालं? विद्यार्थी ओपॅक उघडतच नाहीत, थेट गूगल स्कॉलरवर जातात. कोहा फुकट मिळतं, मग खर्चाचं रडगाणं कशाला? निवृत्त लोकांना आपलं महत्त्व टिकवायचं असतं, एवढंच.’

निवृत्त व्हायला मला अजून अवकाश आहे. मतभेदाचं वावडं नाही, पण ‘रडगाणं’ आणि ‘एवढंच’ या शब्दांनी मुद्दा सिद्ध होत नाही, फक्त लिहिणाऱ्याचा पारा कळतो. खर्चाचा परिच्छेद मी घाईत आटोपला होता, हे मान्य. तो सुधारून घेईन.

आता ती ‘वही’. या एका शब्दावर मला बोलायचंच आहे, कारण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. खरेदी समित्यांच्या बैठकांत मी तो ऐकत आलोय. 1966 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’चा, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या पुस्तक-नोंदींचा, प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्यामागे हेन्रिएट ॲव्रम होत्या, मूळच्या प्रोग्रामर. त्यांच्यापुढचा प्रश्न कोणी कोणतं पुस्तक नेलं हा नव्हताच. पुस्तकाची तालिका-नोंद यंत्राला वाचता यावी, चुंबकीय फितीवरून दुसऱ्या ग्रंथालयाला पाठवता यावी, हा होता. म्हणजे वहीची उपमा अगदी सुरुवातीलाही अपुरीच होती.

पुढे खरेदी, तालिकीकरण, देवघेव, नियतकालिकं आणि ओपॅक एका छताखाली आले. त्या सगळ्या रचनेत एक गोष्ट गृहीत होती: वस्तू आपल्या मालकीची आहे, तिच्यावर बारकोड आहे आणि ती एका वेळी एकाच ठिकाणी असते. तेवढ्या काळापुरतं तुमचं म्हणणं निम्मं तरी खरं धरू.

ई-जर्नलला मात्र प्रत नसते. असतो तो करार. कोणत्या वर्षापासूनचे अंक दिसतील, ताजे अंक किती महिने रोखून ठेवलेत, एका वेळी किती जण वाचू शकतात, बाहेरच्या अभ्यासकाला लेखाची प्रत देता येते का, वर्गणी थांबवल्यावर जुने अंक उघडे राहतात का. त्यात पॅकेजमधली, म्हणजे एकगठ्ठा वर्गणीत घेतलेली, शीर्षकं अधूनमधून एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जातात. हे सगळं ‘दिलं–घेतलं’च्या दोन रकान्यांत बसवून दाखवा.

मी ज्या ग्रंथालयात होतो तिथे एक पॅकेज पैशांअभावी बंद करावं लागलं आणि काही दिवसांत जुने अंकही बंद झाले. संशोधक विद्यार्थ्यांच्या तक्रारी माझ्या टेबलावर. आमच्या प्रणालीत त्या जर्नल्सपुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढंच लिहायची सोय होती. पैसे भरलेल्या वर्षांचे अंक कायम उघडे राहतील, हे कलम कपाटातल्या एका फायलीत होतं. फाईल सापडली, प्रकाशकाला कलम दाखवलं, अंक उघडले. सापडली नसती तर? असं कलम नोंदवायची सोय प्रणालीतच असायला हवी, हे मी महत्त्व टिकवायला नव्हे, अनुभवानं सांगतोय.

आणि ज्या कोहाचा दाखला देऊन तुम्ही मला गप्प करू बघता, त्याच कोहाच्या 22.11 या आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर 2022 मध्ये, करार, पॅकेजेस आणि ई-शीर्षकं सांभाळणारं वेगळं मॉड्यूल आलं. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी जन्मलेल्या, 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रणालीला दोन दशकांनंतर याची गरज का भासली असेल? वह्यांना कलमं लागत नाहीत.

कोहाचा परवाना फुकट आहे. सर्व्हर, बॅकअप, जुन्या नोंदींचं स्थलांतर आणि ते जाणणारा माणूस फुकट नाही. विद्यार्थी गूगल स्कॉलरवर जातात, तर जाऊ देत. तिथे शीर्षकाशेजारी दिसणारी ग्रंथालयाची लिंक कुठून येते, हे एकदा बघा. तिच्यामागे ग्रंथालयानं पुरवलेलीच माहिती असते.

लेखाचा गाभा होता या प्रणाली कोणाच्या मालकीच्या हा प्रश्न, आणि त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. ‘अल्मा’ ही ग्रंथालय प्रणाली बनवणारी एक्स लिब्रिस 2015 मध्ये डेटाबेस विकणाऱ्या प्रोक्वेस्टनं घेतली आणि प्रोक्वेस्ट 2021 मध्ये क्लॅरिव्हेटनं. म्हणजे डेटाबेस विकणारी कंपनी आणि त्या डेटाबेसचा वापर किती झाला हे मोजून दाखवणारी प्रणाली, दोन्ही एकाच घरात. मी कुणावर लबाडीचा आरोप करत नाही. पण पुढच्या वर्षी कोणती वर्गणी कापायची हे ज्या आकड्यांवर ठरतं, ते विकणाऱ्याच्याच यंत्रातून येत असतील, तर ग्रंथपालानं ते प्रकाशकाच्या ‘काउंटर’ अहवालांशी (वापर मोजायच्या ठरलेल्या सामायिक पद्धतीनं केलेल्या) स्वतः ताडून पाहायला नकोत का? प्रणाली वही होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता ती हक्कांचा हिशेब ठेवते, म्हणून हिशेब कोणाच्या ताब्यात आहे हे विचारावं लागतं.

तुमच्याकडे एखादं पॅकेज उद्या बंद करायचं ठरलं, तर जुने अंक उघडे राहतील की नाही हे तुम्ही नेमकं कुठे बघाल, तेवढं कळवा. शक्य झालं तर या वेळी नाव लिहून.