बायोडेटातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी तपासणार आहे

निकाल लागले की चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, शिरोली अशा सगळ्या एमआयडीसींत बायोडेट्यांचे ढीग येऊन पडतात. त्यातले बरेच पहिल्याच चाळणीत बाजूला जातात, आणि घरी बसलेल्या मुलाला वाटतं आपल्यात काही कमी आहे किंवा सगळीकडे वशिलाच चालतो. माझं ठाम मत आहे की यातल्या पुष्कळ मुलांची अडचण वेगळीच असते. एक तर बायोडेटात तपासता येईल असं काही लिहिलेलंच नसतं, किंवा जे लिहिलंय ते तपासल्यावर टिकत नाही.

सुरुवात वरच्या ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’पासून करू. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीत योगदान देणे’ ही ओळ सीनियरकडून ज्युनिअरकडे अशी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती काढून टाका. कागदावरची सगळ्यात मोक्याची जागा तिने अडवून ठेवली आहे. तिथे एका ओळीत लिहा : शिक्षण, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, कोणत्या कामाचा किती महिन्यांचा अनुभव, आत्ता कुठे राहता आणि कधीपासून रुजू होऊ शकता. शेवटचं ‘वरील माहिती खरी असल्याचे मी घोषित करतो’, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, वाचन आणि क्रिकेटचे छंद हेही काढा. खासगी नोकरीच्या बायोडेटात त्याचा काही उपयोग नाही. फ्रेशरचा बायोडेटा एका पानात बसलाच पाहिजे.

आता कामाच्या ओळीकडे या. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांच्या बायोडेटात हमखास असतं : ‘सीएनसी, व्हीएमसी मशीनचे ज्ञान’. ही संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी यंत्रं, पण एवढ्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं की तुम्ही फक्त पीस लावून बटण दाबलंय, की सेटिंगही केलंय, की प्रोग्रॅमपर्यंत हात गेलाय. तीच ओळ अशी लिहा : ‘व्हीएमसी ऑपरेटर, ११ महिने, फॅनुक कंट्रोल. ॲल्युमिनियम हाउसिंगचं मशिनिंग. इन्सर्ट बदलणे, टूल ऑफसेट देणे, पहिला पीस तपासून घेणे. टॉलरन्स अधिक-उणे ०.०२ मि.मी. सेटिंगमध्ये सेटरला मदत.’ ही मदत होती तर मदतच लिहा. ऑपरेटरने स्वतःला सेटर लिहिलं की मशीनसमोर उभं केल्यावर ५ मिनिटांत उघडं पडतं, आणि मग जे खरोखर येतं त्यावरचाही विश्वास जातो.

अशी ओळ लिहिली की मुलाखतीतला पुढचा प्रश्नही ठरून जातो. ०.०२ चा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कशाने मोजत होतात? उत्तर ‘व्हर्नियरने’ आलं, तर समोरच्याला कळतं की हा मजकूर दुसऱ्याच्या बायोडेटातून उचललेला आहे. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच (त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मि.मी. असतो, त्याने हा टॉलरन्स भरवशाने मोजता येत नाही. बाहेरच्या मापाला मायक्रोमीटर लागतो, त्याचा लीस्ट काउंट ०.०१, आणि बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, बोअर गेज. म्हणून मुलाखतीची तयारी म्हणजे शंभर प्रश्नांची पीडीएफ पाठ करणं नको. स्वतःच्या बायोडेटातल्या प्रत्येक ओळीखाली ‘कशाने? किती? का? चुकलं तर काय केलंत?’ असे चार प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरं मोठ्याने बोलून बघा. ज्या ओळीला उत्तर नाही, ती खोडा. कॉलेजचा प्रोजेक्ट चौघांनी मिळून केला असेल तर त्यात आपण नेमकं काय केलं, एवढंच सांगायचं.

बी.कॉम.वाल्यांचं ‘टॅली येतं’ हे याच जातीचं. खरेदी-विक्रीच्या नोंदी केल्यात की बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं) केलंय? जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न्स तुम्ही स्वतः भरलीत की सीएच्या ऑफिसात नुसती बिलं लावून दिलीत? ज्याने महिन्याचं रिटर्न भरलंय त्याला ती भरायच्या शेवटच्या तारखा, ११ आणि २०, झोपेतही आठवतात. बायोडेटात तेच लिहा : किती पार्ट्यांची खाती, कोणती रिटर्न्स, टॅलीची कोणती आवृत्ती.

नोकरीच्या पोर्टलवर तुमचा बायोडेटा आधी कुणी वाचत नाही, आधी तो शोधला जातो. शोधणारा शब्द टाकतो, मग अनुभव, ठिकाण, पगाराची अपेक्षा, नोटीस पीरियड आणि ‘गेल्या किती दिवसांत सक्रिय’ असे गाळणे लावतो. ६ महिने प्रोफाइलला हात लावला नसेल तर तुम्ही त्या यादीत दिसतच नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करा आणि काहीतरी खरा बदल करा. लातूरला राहून पुण्यात नोकरी हवी असेल तर पसंतीच्या ठिकाणांत पुणे टाका, आणि राहायची सोय असेल तर तसं स्पष्ट लिहा.

फाइलचीही एक परीक्षा आहे. बायोडेटाची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे तो सरळ, ओळीने वाचता आला तर ठीक. काहीच चिकटलं नाही तर तुमची फाइल म्हणजे नुसता फोटो आहे. प्रिंट काढून मोबाइलने स्कॅन केलेल्या बायोडेटाचं हेच होतं, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा तो कोरा समजतं. दोन रकान्यांच्या रंगीत टेम्प्लेटमध्ये ओळी एकमेकींत मिसळतात. फोन नंबर हेडरमध्ये टाकला तर काही सॉफ्टवेअर तो वाचतच नाहीत, म्हणून तो मुख्य मजकुरातच ठेवा. फाइलच्या नावात आपलं नाव, शाखा आणि वर्ष असू द्या. ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ नावाची फाइल डाउनलोड झाल्यावर पुन्हा सापडत नाही. आणि एकच ईमेल पन्नास कंपन्यांना एकदम पाठवू नका, पत्त्यांची ती रांग समोरच्याला दिसते.

आता एका अवघड विषयाकडे येते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेत चार-पाच वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करून जे परत नोकरीकडे वळतात, त्यांच्या बायोडेटातली ती वर्षं अनेकदा गायब असतात. कुणी ती कुठल्याशा क्लासचा खोटा अनुभव दाखवून बुजवतं, कुणी डिग्रीनंतर थेट आजच्या तारखेवर येतं. माझी कळकळीची विनंती आहे, ती वर्षं लपवू नका. ‘२०२०–२०२४ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, २०२२ मध्ये पूर्व परीक्षा उत्तीर्ण’ ही ओळ सन्मानाची आहे. त्याखाली त्या काळात कमावलेलं आणि तपासता येणारं लिहा : मराठी-इंग्रजी टायपिंगचं शासकीय प्रमाणपत्र असेल तर वेगासह, शिकवलं असेल तर कोणता विषय आणि किती मुलं, एमएस-सीआयटी, एक्सेल किती येतं. मुलाखतीत विचारतील, ‘पुन्हा परीक्षा देणार का?’ उत्तर एकच आणि खरं असावं. ‘बघू’ म्हणालात तर समोरचा मनात हिशेब करतो की हा सहा महिन्यांत जाणार. आणि हो, पाच वर्षांच्या अंतरानंतर पहिली नोकरी वर्गमित्रांच्या आजच्या पगारावर मिळत नाही. हे आईवडिलांनीही समजून घ्यायला हवं.

पगारावर येऊ. ‘३ लाख ६० हजारांचं पॅकेज’ ऐकलं की घरी ‘महिना ३० हजार’ असा निरोप जातो. एक साधं उदाहरण मांडून दाखवते. महिना ३०,००० सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च), त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८००, सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळू शकणाऱ्या रकमेची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२०. वर्षाला ३६,००० ‘व्हेरिएबल’ (दरमहा न मिळणारा, कामगिरीसारख्या गोष्टींवर ठरणारा भाग) असेल तर तिथले ३,०००. हे वजा जाता पगारपत्रकावरचा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) उरतो २४,४८०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की हातात २२,४८०. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यांच्या हातात २२,६८० येतील. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. कँटीन, बस, गणवेशाची कपात असेल तर ती वेगळी. म्हणून होकार देण्याआधी पगाराची फोड लेखी मागा आणि विचारा : व्हेरिएबल कधी मिळतं, कशावर ठरतं? हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि ऑफर लेटर ईमेलवर आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, फोनवर कितीही खात्रीने सांगितलेलं असो.

ऑफर आली तरी आपल्याकडे एक घोळ हमखास उरतो, तो नावाचा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर उलट. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा निभावतं. स्पेलिंग वेगळं असेल तर अडतं. ज्ञानेश्वर कुणी इंग्रजीत डी-एन-वाय ने लिहितं, कुणी डी-वाय ने. वडिलांचं नाव एका कागदावर सुरेश, दुसऱ्यावर सुरेशराव. पॅनवर मधलं नावच नाही. मग पीएफचा १२ अंकी यूएएन (प्रत्येकाचा कायमचा खातेक्रमांक), बँक खातं, पडताळणी, सगळं खोळंबतं. दहावीचं मार्कशीट पाया माना, कारण ते बदलून घेणं सगळ्यात कटकटीचं. बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईने सायबर कॅफेत बसून काहीही भरू नका. आधारला आत्ता वापरात असलेलाच मोबाइल नंबर जोडा, ओटीपीवाचून पुढे काहीच हलत नाही. लग्नानंतर मुलींचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. अर्धे कागद माहेरच्या आणि अर्धे सासरच्या नावाने ठेवले तर प्रत्येक नव्या नोकरीत तोच त्रास. बदलायचं ठरवलं असेल तर विवाह प्रमाणपत्र, गरज असेल तर राजपत्र, मग आधार, पॅन, बँक आणि शेवटी पीएफ, असं ओळीने एकदाच उरकून टाका. नाव न बदलणं हाही पूर्ण कायदेशीर पर्याय आहे, तो विसरू नका.

अनुभवाच्या बाबतीत एक चूक ठेकेदाराकडे काम केलेल्यांची होते. काम मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत केलं, पण पगार आणि पीएफ ठेकेदाराकडून होता. बायोडेटात मात्र फक्त कंपनीचं नाव. पडताळणीचा फोन कंपनीत जातो, तिकडून उत्तर येतं, ‘या नावाचा कामगार आमच्याकडे नव्हता.’ खरं काम करूनही मुलगा खोटा ठरतो. लिहायचं असं : ‘अमुक ठेकेदारामार्फत, तमुक कंपनीच्या प्लांटमध्ये.’ पीएफच्या नोंदीत कोणत्या आस्थापनेत कोणत्या महिन्यांत होतात हे सगळं दिसतं, त्यामुळे वाढवलेले महिने, विकत घेतलेलं अनुभव प्रमाणपत्र, एकाच वेळी दोन नोकऱ्या, हे लपत नाही. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला पोर्टलवर भरता येते.

जसं तुम्हाला तपासतात तसं तुम्हीही समोरच्याला तपासा. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवून द्यायची नाहीत. बॉन्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) ‘नुसता कागद’ समजून सही करू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची ३ वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे. परदेशी नोकरीसाठी एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते आधी बघा, आणि व्हिजिट व्हिसावर ‘जा, तिकडे गेल्यावर वर्क व्हिसा होईल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नोकरी देण्यासाठी कुणी नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, गणवेशाचे पैसे किंवा ‘परत मिळणारी’ ट्रेनिंग फी मागितली तर तिथेच थांबा. पत्र मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवर असेल, पण ईमेलचा पत्ता जीमेलचा, किंवा कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं, हे नीट बघा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून फोन करा, पत्रावरचा नको. पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी दोन दिवस घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, एवढं समोर लिहून ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार नोंदली गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.